बुजगावण्याचं बक्षीस

विनोद गावाची वेस ओलांडत नाही, आणि यंत्राला तर गावच नाही. तेव्हा त्याने देशोदेशी चालणारा विनोद करायची बातच सोडा. आमच्या कट्ट्यावर परवा एका निवृत्त प्राध्यापकांनी हा निकाल देऊन टाकला. तिथे मी हरकत घेतली नाही, कारण चहाचे पैसे तेच देणार होते. आता घेतो.

विनोद वेस ओलांडत नसता तर १८९२ सालचा 'चार्लीज आंट' हा इंग्रजी फार्स अत्र्यांच्या हातून 'मोरूची मावशी' झालाच नसता. लॉरेल आणि हार्डी आपल्याकडे 'जाड्या-रड्या' या नावाने नांदले नसते. यावर कोणी म्हणेल, पुरुष बाईच्या वेषात आला किंवा जाड्या चिखलात पडला की कुठेही हसतात, शाब्दिक कोटीचं काय ते बोला. 'अ‍ॅस्टेरिक्स' या फ्रेंच चित्रकथेतल्या कुत्र्याचं नाव इडेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी इंग्रजीत त्याचा डॉगमॅटिक्स केला. हेकटपणा तसाच राहिला आणि वर 'डॉग'ही येऊन बसला, जो मूळ नावात नव्हता. वेस ओलांडताना कोटीचं वजन वाढलं!

प्राध्यापकांचा मुद्दा इथे संपला. पण कट्ट्यावर एक संगणकवाला तरुणही होता आणि त्याचा उत्साह मला जास्त धोक्याचा वाटतो. यंत्राने सगळ्या भाषा वाचल्यात, म्हणून ते सगळ्यांना हसवणार, असं त्याचं म्हणणं. पुरावाही त्याच्याकडे होता: २०२४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वाचकांनी सामान्य माणसांनी लिहिलेल्या विनोदांपेक्षा चॅटजीपीटीच्या विनोदांना जास्त गुण दिले. दिले असतील. सामान्य माणूस फर्माईश आली की कसा विनोद करतो, ते लग्नाच्या पंगतीत आपण ऐकलेलंच आहे. शिवाय तो सगळा कारभार इंग्रजीतल्या इंग्रजीत. वेस आलीच कुठे?

त्याच्या आदल्या वर्षी दोन जर्मन संशोधकांनी त्याच यंत्राकडून १००८ विनोद घेतले. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त म्हणजे तेच ते २५ विनोद, फिरून फिरून आलेले. त्यात आघाडीवर होतं एक बुजगावणं. त्याला बक्षीस मिळतं, कारण ते 'आउटस्टँडिंग इन हिज फील्ड' असतं. मी एका यंत्राला म्हटलं, हा मराठीत आण. आलं: 'कारण ते आपल्या शेतात उल्लेखनीय होतं.' खाली दोन परिच्छेद स्पष्टीकरण, आणि शेवटी एक हसरा चेहरा. हसण्याचं काम तेवढं त्याने स्वतःच उरकून घेतलं.

मग मी सांगितलं, बाबा रे, ऐकणारे साहित्य संमेलनाच्या मांडवात बसलेत, त्यातल्या निम्म्यांच्या गावाकडे जमीन आहे, आणि 'क्षेत्र' हा शब्द सातबाऱ्यावरही असतो. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं: 'बुजगावण्याला पुरस्कार का? कारण या क्षेत्रात अजून उभं असलेलं तेवढंच आहे.' मी हसलो, आणि मग जरा चपापलो. मूळ इंग्रजीत ही कळ नव्हती. शेतीकडे बघून हसायचं की साहित्याकडे, हेही धड ठरेना.

म्हणजे यंत्राला मराठी येत नव्हतं असं नाही. समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. असा कोणी समोर नसला की ते सगळ्यांना चालेल असं काहीतरी वाढतं: जत्रेतल्या आमटीसारखं, कमी तिखट, भरपूर पाणी. २०२३ साली एडिंबरोच्या महोत्सवाच्या वेळी काही व्यावसायिक विनोदवीरांनी अशी यंत्रं वापरून पाहिली, त्यांचीही तक्रार मिळमिळीतपणाचीच होती. विनोदवीर विनोद पडल्यावरची शांतता अंगावर घेतो आणि उद्याच्या प्रयोगात एक शब्द बदलतो. यंत्राला ती शांतता ऐकू येत नाही. 'संस्कृती' नावाचं कोणी त्या मांडवात बसलेलं नसतं. बसलेले असतात गुडघे दुखणारे, जेवणाची वाट पाहणारे चारशे जण, आणि त्यांना ओळखणारा माणूस यंत्राच्या शेजारी असला की यंत्र कामाचं ठरतं. एकट्याने नव्हे. 'संस्कृतीपार विनोद' असं म्हणून त्याच्याकडे मागणी केली, तर पुन्हा बुजगावणंच हाती येणार.

माझा भाचा श्टुटगार्टला असतो, बायको तिथलीच. आपला 'चहा घेऊनच आला असाल ना?' त्याने सासूबाईंना सांगितला तेव्हा आधी पुण्याची ओळख करून द्यावी लागेल असं त्याला वाटलं होतं. बाई लगेच हसल्या. काटकसरीसाठी सगळी जर्मनी ज्यांची थट्टा करते ते श्वाबी लोक त्याच भागातले, आणि त्यांच्याकडे म्हणतातच: कॉफी झाल्यावर या, म्हणजे रात्रीच्या जेवणाला घरी पोचाल. यंत्राला ही म्हण ठाऊक होती, मी विचारून पाहिलं. पण सासूबाई श्वाबी आहेत हे सांगेपर्यंत त्याने ती काढली नाही.

बाई डिसेंबरात पुण्याला येणार आहेत. "मामा, दारातच त्यांच्या बोलीत तीच म्हण म्हणायची," असं भाच्याने बजावलंय. उच्चार यंत्र शिकवतंय. प्रत्येक वेळी ते 'उत्कृष्ट' म्हणतं, आणि प्रत्येक वेळी आत स्वयंपाकघरात बायको हसते.