जुने कार्ड कापण्यापूर्वी

परवा दादरच्या रानडे रस्त्यावर शाळेतला मित्र भेटला. निवृत्त होऊन वर्ष झाले, आता घर आवरायला घेतले आहे. रद्दी गेली, पितळेची भांडी मोडीत गेली. पुढचा क्रमांक वीस वर्षांपूर्वीच्या, बिनफीच्या क्रेडिट कार्डाचा. "पडून असते रे कपाटात. बँकेला कळवतो आणि कापून टाकतो." बोलताबोलता कळले, की येत्या जूनमध्ये धाकटीच्या शिक्षणकर्जावर त्याला सहकर्जदार म्हणून सही करायची आहे. म्हटले, "अरे, कात्री जरा खाली ठेव."

आम्ही दोघे लालबागच्या चाळीत वाढलो. वाण्याकडे प्रत्येक बिऱ्हाडाची वही असे. गिरणीचा पगार झाला की वडील आधी तिथे जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा ज्यांची वही जुनी आणि चोख, त्यांना आमच्या वाण्याने कितीतरी दिवस तांदूळ-तेल दिले. नवख्यांकडे मात्र तो आधी रोख मागे. पत म्हणजे काय, हे मी बँकेत लागण्याआधी तिथेच शिकलो.

आज ती वही सिबिलसारख्या संस्थांकडे असते. सिबिल २००० साली मुंबईतच स्थापन झाली. कर्ज देणारा ३०० ते ९०० मधला जो आकडा पाहतो, त्यात परतफेड वेळेवर झाली का, याला मोठे वजन. पण खाती किती जुनी आणि मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, हेही धरतात. बंद खात्याची नोंद लगेच पुसली जात नाही, हे खरे. त्याची मर्यादा मात्र जाते. मित्राची दोन कार्डे, प्रत्येकी ५० हजारांची. महिन्याचा खर्च ३० हजार, म्हणजे ३० टक्के. एक बंद केले की तोच खर्च ६० टक्के दिसणार. एक पैसा जास्त न खर्चता माणूस कागदावर ओढग्रस्त!

नुसते कपाटात ठेवूनही भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक ग्राहकाला कळवून सुरू करू शकते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर खाते बंद होते. गिरगाव सोडून डोंबिवलीला गेलेल्या, फोन क्रमांकही बदललेल्या माणसाला हे कळायचे कसे?

अर्थात, ज्याचा हात सैल त्याने या भानगडीत पडू नये. 'किमान रक्कम' भरून बाकी ठेवली, की बऱ्याच कार्डांवर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज लागते. गिरणगावातले सावकार आठवावेत असा हा दर. फी लागणारे कार्डही केवळ जुने म्हणून पोसू नये.

मित्र आता त्या कार्डावर फोनचे बिल भरतो आणि मुदतीपूर्वी पूर्ण रक्कम चुकती करतो. वहिनींनी मात्र वेगळेच विचारले : "माझ्या कार्डाचे काय झाले असते?" त्यांचे कार्ड त्याच खात्यावरचे पुरवणी कार्ड. ते खाते मिटले असते तर त्यांचेही मिटले असते. तीस वर्षे घरखर्च त्यांनी चालवला, पण स्वतःच्या नावाची वही नाही. मुदत ठेवीवर आपल्या नावाचे कार्ड मिळते का, हे विचारायला त्या सोमवारी बँकेत जाणार आहेत.