नवं जरूर गा, पण जुनं पुसू नका

जुनं गाणं नव्यानं रेकॉर्ड करायला माझी मुळीच हरकत नाही. वय वाढतं तशी समज वाढते, हातात चार पैसे येतात, बरा स्टुडिओ परवडतो. मग माणसाला वाटतंच की तेव्हा उधारीवर, घाईघाईत उरकलेलं काम आता मनासारखं करावं. खुशाल करावं. माझं भांडण आहे ते नव्याला जुन्याच्या गादीवर बसवून जुन्याला घराबाहेर काढण्याशी. आणि आपल्या हिमायतनगर-किनवट-माहूरच्या पट्ट्यात हे गेली काही वर्षं बिनबोभाट चाललं आहे.

रीत ठरलेली आहे. ज्याच्या कॅसेटा एकेकाळी भोकरच्या, हदगावच्या बाजारात विकल्या जायच्या, तो गायक किंवा त्याचा मुलगा शहरातल्या स्टुडिओत जातो. संबळ-तुणतुण्याच्या जागी ऑक्टापॅड आणि कीबोर्ड येतो. लय संगणकाच्या ठोक्याला बांधली जाते, गळ्यावर ऑटोट्यूनची इस्त्री फिरते, पाऊण तासाचं आख्यान चार मिनिटांत बसवलं जातं. इथवर ठीक. मग त्या व्हिडिओवर जुन्या कॅसेटच्या कव्हरचा फोटो चिकटवतात आणि वर लिहितात, 'ओरिजनल'. कुणी हौशी माणसानं खरी जुनी कॅसेट चढवलेली असली, तर तक्रार करून ती उतरवली जाते. घरातली कॅसेट तोवर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या पोत्यात गेलेली असते.

हा वाद जगात सगळ्यात इरेला पेटून कुणी लढला असेल तर मेटलवाल्यांनी. आपल्या गावात मेटल म्हटलं की लोकांना भांड्यांचं दुकान आठवेल, पण नांदेडला शिकायला गेलेली आपलीच पोरं तो गदारोळ कानात घालून फिरतात. त्यांना ऑझी ऑस्बॉर्नचा किस्सा विचारा. या इंग्रज गायकाचे 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' हे अल्बम १९८० आणि १९८१चे. त्यांत बास गिटार बॉब डेझलीनं वाजवली, ड्रम ली कर्स्लेकनं. पुढं मानधन आणि श्रेयावरून हे दोघं कोर्टात गेले. २००२ मध्ये दोन्ही अल्बम नव्यानं बाजारात आले, तेव्हा दोघांचं वादन त्यांतून पुसलेलं होतं आणि त्या जागी दुसऱ्या दोन वादकांकडून तेच वाजवून घेतलेलं होतं. गिटार मात्र रँडी ऱ्होड्सची जुनीच ठेवली. हा रँडी १९८२ मध्ये विमान अपघातात गेला होता. म्हणजे वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या साथीला परके वादक बसवले, आणि अल्बमचं नाव तेच ठेवलं. ऐकणारे खवळले. शेवटी २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. नवे वादक कच्चे होते म्हणून लोक चिडले नव्हते, ते चांगलेच तयारीचे होते. लोक चिडले ते आपल्याला न सांगता घरातलं माणूस बदलल्यासारखं वाटलं म्हणून.

त्याच दुनियेतलं उलटं उदाहरणही आहे. एक्झोडस नावाच्या अमेरिकी बँडचा 'बाँडेड बाय ब्लड' हा पहिला अल्बम १९८५चा. त्यांचा त्या वेळचा गायक पॉल बॅलॉफ २००२ मध्ये वारला. २००८ मध्ये बँडनं ती सगळी गाणी नव्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेतली, पण अल्बमला नाव दिलं 'लेट देअर बी ब्लड'. नाव वेगळं, हेतू उघड. ज्याला आवडलं त्यानं घेतलं, ज्याला नाही आवडलं तो १९८५कडं परत गेला. टेलर स्विफ्टचं तर आता शाळकरी पोरींनाही ठाऊक आहे. पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्यांच्या हातात गेली, म्हणून तिनं २०२१ पासून त्यांतले चार पुन्हा गायले आणि प्रत्येकावर 'टेलर्स व्हर्जन' असं ठळक छापलं. २०२५ मध्ये मूळ मुद्रणंही तिनं विकत घेतली. आपल्याकडच्या गायकांनी तिच्याकडून एवढं एकच घ्यावं: व्हर्जन आहे तर व्हर्जन म्हणा.

आपल्या मराठीतही याची मोठी परंपरा आहे, फक्त आपण तिच्याकडं या नजरेनं पाहत नाही. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमा आणि सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांची ५६ गाणी आठवड्याला एक अशी वर्षभर घरोघरी पोचली. पण ती एकट्या बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, बबनराव नावडीकर होते, आणखीही कितीतरी गळे होते. पुढं बाबूजींनी सगळी गाणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्डवर आणली. यात खोट काढायला जागा नाही. ज्याच्या चाली त्यानंच, उजळ माथ्यानं गायल्या. तरी झालं काय? आज गीतरामायण म्हटलं की बहुतेकांच्या कानात एकच आवाज येतो, आणि वसंतरावांनी, माणिकताईंनी ती गायली होती हे सांगावं लागतं. प्रामाणिकपणे केलेलं नवं मुद्रणसुद्धा जुन्यावर एवढी सावली पाडतं. मग लबाडीनं केलेलं काय करत असेल?

आता जरा कायद्याकडं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जुन्या रेकॉर्डवरून नवी रेकॉर्ड काढायची वाट होतीच. तिचाच फायदा घेऊन कॅसेटच्या जमान्यात दुसऱ्यांच्या आवाजातल्या जुन्या गाण्यांचा पूर आला. त्या पुरानं संगीत स्वस्त केलं, खेड्यात आणलं, हे मान्यच करायला हवं. आपल्या घरात टेपरेकॉर्डर आला तो त्याच काळात. पण कव्हरवर बारीक अक्षरात गायक बदलायचा आणि गिऱ्हाईक घरी जाऊन फसायचं. २०१२च्या दुरुस्तीनं कलम ३१-क आलं आणि नियम कडक झाले. मूळ मुद्रणाला पाच वर्षं झाल्याशिवाय या वाटेनं व्हर्जन काढता येत नाही. त्याच्या कव्हरवर मूळ गायकाचं नाव किंवा छायाचित्र चालत नाही, आणि हे व्हर्जन आहे असं छापावंच लागतं. म्हणजे मी जे मागतोय ते काही नवं नाही. त्याच दुरुस्तीनं गायक-वादकांनाही आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडून घेण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला. गावच्या पखवाजवाल्याला हे कुणी सांगितलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

पण कायद्याच्या बळावर जुनी मुद्रणं वाचतील असं मला वाटत नाही. वाचवायचं काय आहे, ते आधी ऐकावं लागेल.

माझ्यापुढं टेबलावर एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, घरी भरलेली. कागदावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'परमेश्वर यात्रा, भजन'. वर्ष नाही. महाशिवरात्रीला हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा भरते, त्या गर्दीत कुणीतरी टेपरेकॉर्डर स्टेजजवळ ठेवून बटण दाबलेलं. सुरुवातीला माइकची शिट्टी. मग पखवाजाच्या धुमेला कणीक लावून थापटल्याचा आवाज, दोनदा, तीनदा, मनासारखा लागेपर्यंत. बुवांनी अभंग उचलला, तिसऱ्या चरणाला अडखळले, मागून एकानं हळूच शब्द पुरवला आणि सगळं मंडळ एकदम त्या शब्दावर तुटून पडलं. मधेच हरवलेल्या लेकराची घोषणा झाली. लय सुरुवातीला संथ होती, शेवटाला जवळजवळ दुप्पट झाली. कुणी ठरवून वाढवलेली नाही, टाळांनी ओढून नेली. हाच अभंग याच मंडळानं नंतर स्टुडिओत केला. तोही मी ऐकला. एकही चूक नाही. एकेकजण वेगवेगळा येऊन आपापला भाग गाऊन गेलेला असणार, कारण त्यात कुणीच कुणाकडं बघत नाही.

गोंधळाचं नुकसान याहून मोठं. गोंधळात गण होतो, मग देवदेवतांना आवाहन होतं, आणि त्या आवाहनात गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावानिशी बोलावतो. माहूरची रेणुका तर असतेच, पण आजूबाजूच्या गावांच्या वेशीवरले देवही त्याच ओळीत येतात. एकेक गोंधळ्याची ही यादी वेगळी. तो कुठल्या वाटेनं हिंडला, कुणाच्या दारात उभा राहिला, ते तीत उमटतं. स्टुडिओवाला पहिली कात्री इथंच लावतो, कारण ती नावं पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कळत नाहीत. भीमगीतांचंही तसंच. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले आणि तिथल्या तिथं लिहून गायले. त्या परंपरेतल्या आपल्या भागातल्या गायकांनी जयंतीच्या रात्री ज्या वस्तीत गायलं, त्या वस्तीतल्या माणसांची, लढ्यांची नावं गाण्यात ओवली. १४ एप्रिलच्या डीजेसाठी तेच गाणं परत केलं की नावं गळतात, ठेका तेवढा उरतो. तांड्यावरची बंजारा गीतं, उर्सातली दखनी कव्वाली, तेलंगणाच्या सीमेवरची मराठी-तेलुगू सरमिसळ, हे सगळं त्या होममेड कॅसेटांतच आहे. आपल्या गावचा आवाज कुठल्या मोठ्या कंपनीनं कधी विकला नाही, त्यामुळं कंपनीच्या गोदामातही तो सापडणार नाही.

मराठवाड्यातच याचं उत्तर कुणीतरी दाखवून ठेवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ मध्ये त्यांच्या गटानं बायकांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुढं हा ठेवा 'परी' या संस्थेकडं आला आणि त्यांची माणसं पुन्हा माजलगावला गेली, त्या वस्तीतल्या बायकांना भेटली, पुन्हा गायला लावलं, व्हिडिओ घेतला. जुनं १९९६चं म्हणून ठेवलं, नवं नवं म्हणून. कुणाचं नाव गाळलं नाही. पुनर्मुद्रण असं करतात.

तेव्हा आता हात हलवायला हवेत. फीत फार काळ थांबत नाही; बुरशी धरते, चिकटते. कॅसेट सापडली की पहिलं काम म्हणजे तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही. लगेच वाजवायची घाई करू नका, आधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या. फितीमागचा स्पंजचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूची दुसरी रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात घाला. पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, जाणत्याकडं द्या. मोबाईल स्पीकरसमोर धरून भरू नका, तारेनं संगणकात भरा, वेव्ह फाइल ठेवा, दोन्ही बाजू अखंड. खरखर काढायचा मोह होतो, पण तो दुसऱ्या प्रतीवर भागवा. पहिली प्रत आहे तशीच राहू द्या, खोकल्यासकट. कव्हरच्या आतल्या-बाहेरच्या लिखाणाचा फोटो घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा: पेटी कुणाची, पखवाज कुणाचा, झील कोण धरतंय? हे आत्ता विचारलं नाही तर पुन्हा कुणाला विचारायचं?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. त्यांनी एक खोली, दोन चालू टेपडेक आणि पोरांना प्रकल्पाचे थोडे गुण एवढं दिलं तरी निम्मं काम होईल. नांदेडच्या आकाशवाणीनं आपल्या कपाटातली स्थानिक कलावंतांची मुद्रणं वाजवावीत, तारखेनिशी. तालुक्याच्या वाचनालयांनी पुस्तकांशेजारी एक हार्डडिस्क ठेवायला काय हरकत आहे? मूळ मालकाची परवानगी घ्या, त्याला प्रत द्या, आणि जे विकायचं नाही ते विकू नका.

गायकांना, भजनी मंडळांना आणि जयंती मंडळांना मात्र वेगळं सांगायचं आहे. तुमचं नवं रेकॉर्डिंग मी विकत घेईन, यात्रेत उभा राहून ऐकेन. त्यावर वर्ष घाला. 'नवं मुद्रण' असं लिहा. पहिल्या वेळी साथीला कोण होतं ते छापा, तो माणूस आज हयात असो की नसो, तुमचं-त्याचं पटत असो की नसो. आणि जुनी फीत तुमच्याकडं असेल तर ती नव्याच्या शेजारी ऐकायला ठेवा. लोकांना दोन्ही आवडतील, किंवा जुनीच आवडेल, तो त्यांचा अधिकार आहे. येत्या महाशिवरात्रीच्या यात्रेला गावी येताना घरातल्या माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधल्या सगळ्या कॅसेटा सोबत आणा. ज्याच्याकडं चालू टेपरेकॉर्डर असेल त्यानं तो आणावा, आणि ज्याच्याकडं काहीच नसेल त्यानं आपल्या आजोबांना आणावं.