क्लब कोणाचा?

पाळी संपवून पिंपरी-चिंचवडहून बालेवाडीला येणारा कामगार गिऱ्हाईक नव्हता. तो आपल्या संघासाठी येत असे. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसीने मिळवलेले दुसरे स्थान तो आजही अभिमानाने सांगतो. परंतु २००७ साली स्थापन झालेला तो क्लब अशोक पिरामल समूहाने दशक पुरे होण्याआधीच गुंडाळला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१५ मध्ये एका हंगामातच संपला. २०१४ चा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली.

तोटा होत होता, असे मालक म्हणतील. मग प्रेक्षकांची निष्ठा ताळेबंदाच्या कोणत्या रकान्यात मांडली होती? कारखाना बंद करताना कामगाराला निदान नुकसानभरपाई द्यावी लागते. येथे साधी नोटीसही नाही!

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार या तालमींचे संघ पेठांच्या बळावर उभे आहेत. त्यांना उचलून परगावी कोण नेणार? चाकणपर्यंत पसरलेल्या कामगारपट्ट्याने पुढच्या धनिकाची वाट पाहू नये. वर्गणीवर, सहकारी तत्त्वावर स्वतःचा क्लब उभारावा आणि त्यासाठी महानगरपालिकेकडे मैदान हक्काने मागावे.