पूर्वज अडाणी नव्हते, सर्वज्ञही नव्हते

पूर्वीच्या माणसांना आपल्यापेक्षा बुद्धी कमी होती काय? या प्रश्नाला आपल्या देशात दोनच उत्तरे मोठ्या आवाजात दिली जातात. एक, ‘ते अडाणी होते’. दुसरे, ‘त्यांना सारे आधीच ठाऊक होते’. दोन्ही उत्तरे आळशी आहेत, आणि माझ्या मते पूर्वजांचा अधिक अपमान दुसऱ्यात आहे.

चौदाव्या शतकातील केरळचे गणिती माधव घ्या. एक वजा एक-तृतीयांश अधिक एक-पंचमांश अशी चालणारी ‘पाय’ची श्रेणी त्यांची मानली जाते. ती विलक्षण संथ आहे. हजार पदे घेतली तरी चूक हजारांशाच्या घरात उरते. तरीही माधवांनी ‘पाय’चे मूल्य ११ दशांशस्थळांपर्यंत अचूक दिले. त्यांच्या परंपरेने अधिक वेगवान श्रेणी शोधली आणि शेवटच्या पदाला जोडायची अशी दुरुस्तीही शोधली, की सुमारे ५० पदांत तेवढीच अचूकता साधते. ज्येष्ठदेवांनी पुढे ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात या साऱ्याची उपपत्ती मांडली.

याच परंपरेतील परमेश्वरांनी सुमारे ५५ वर्षे ग्रहणांचे वेध घेतले. प्रचलित गणित आकाशाशी जुळेना, तेव्हा त्यांनी १४३१ साली ‘दृग्गणित’ रचून ते गणितच सुधारले. आपले पूर्वसूरी सर्वज्ञ होते, असे त्यांनी मानले असते तर हे घडले असते काय?

आणि आपण काय करतो? २०१५ साली मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये ग्रहांदरम्यान उडणाऱ्या प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले. अशा दाव्यांसाठी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच दाखवले होते. काल्पनिक विमानांच्या या घोषात परमेश्वरांची ५५ वर्षे मात्र कोणाला ऐकू येत नाहीत.

‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की, सहाशे वर्षे म्हणजे जेमतेम पंचवीस पिढ्या. एवढ्यात मेंदूची जात बदलत नाही. खिशातल्या फोनला ‘पाय’ ठाऊक आहे, यात आपले कर्तृत्व शून्य. आपल्याकडे अधिक आहे ती बुद्धी नव्हे, तर साठवलेले ज्ञान, आणि ते पूर्वीच्यांनी चुका दुरुस्त करत साठवले.

पूर्वजांचा अभिमान असेल तर त्यांची हस्तलिखिते वाचणाऱ्यांना, संपादित करणाऱ्यांना वेतन द्या. माधवांची श्रेणी शाळेत शिकवा, उपपत्तीसह. आणि त्यांच्या चुका दाखवण्याची मुभा मुलांना द्या. परमेश्वरांनी तीच घेतली होती.