फोन कंपनीच जेव्हा तुमचं आवडतं ॲप 'गिळते': शेरलॉकिंग म्हणजे काय?

दहा-बारा वर्षांपूर्वी नवा स्मार्टफोन हातात आला की काही ॲप्स पहिल्याच दिवशी डाउनलोड व्हायची. अंधारात उजेड पाडायला टॉर्चचं ॲप, कागदपत्रांची पीडीएफ करायला स्कॅनरचं ॲप, मराठीत टाइप करायला कीबोर्डचं ॲप, मित्राला सिनेमा पाठवायला फाइल शेअरिंगचं ॲप. आज यातलं बहुतेक सगळं फोनसोबतच येतं. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही, जाहिराती बघाव्या लागत नाहीत आणि पैसेही द्यावे लागत नाहीत.

वापरणाऱ्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती ॲप्स बनवणाऱ्यांचं काय झालं?

टेक जगात या प्रकाराला एक खास नाव आहे, 'शेरलॉकिंग'. ॲपलची डेव्हलपर परिषद दरवर्षी जूनमध्ये होते आणि तिथे नवी फीचर्स जाहीर झाली की काही तासांतच 'यंदा कोण शेरलॉक झालं' याची चर्चा सुरू होते. २०२४ च्या जूनमध्ये आयओएस १८ जाहीर झालं. त्यात पासवर्ड सांभाळणारं वेगळं ॲप होतं, कॉल रेकॉर्डिंग होतं आणि लेखन सुधारून देणारी साधनंही होती. ॲप्सच्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या ॲपफिगर्स या कंपनीच्या तेव्हाच्या अंदाजानुसार, या फीचर्सचा फटका बसू शकेल अशा ॲप्सनी आधीच्या वर्षभरात सुमारे ३९ कोटी डॉलर कमावले होते.

हे नाव आलं कुठून?

१९९८ मध्ये ॲपलने मॅक ओएस ८.५ सोबत 'शेरलॉक' नावाचं सर्च टूल दिलं. कॉम्प्युटरमधल्या फाइल्स आणि इंटरनेटवरची माहिती शोधणं हे त्याचं काम. पुढे डॅन वुड यांच्या 'कारेलिया सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने २००१ मध्ये 'वॉटसन' आणलं. नावातच गंमत होती, शेरलॉकचा जोडीदार वॉटसन. सिनेमांच्या वेळा, शेअर्सचे भाव अशी माहिती ब्राउझर न उघडता एकाच ठिकाणी दाखवणारं हे सॉफ्टवेअर लोकांना आवडलं. २००२ मध्ये खुद्द ॲपलने त्याला आपला डिझाइन पुरस्कार दिला.

त्याच वर्षी मॅक ओएसची नवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत शेरलॉकची तिसरी आवृत्ती. वॉटसन जे विकत होतं, त्यातलं बरंच काही त्यात फुकट होतं.

वुड यांनी नंतर लिहिलं की त्या काळात स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना फोन केला होता. जॉब्स यांनी दिलेलं उदाहरण रेल्वेचं होतं. रुळांवर हाताने दांडा मारत चालवायची छोटी गाडी असते, ती म्हणजे कारेलिया, आणि वाफेचं इंजिन म्हणजे ॲपल. रूळही ॲपलच्याच मालकीचे.

शेरलॉक हे टूल ॲपलने २००७ मध्ये बंद केलं, पण त्याच्या नावावरून पडलेला शब्द टिकला.

कंपन्या असं का करतात?

या प्रश्नाकडे फक्त 'मोठा मासा लहान माशाला खातो' असं बघून चालणार नाही. कंपन्यांच्या बाजूने काही मुद्दे खरोखर भक्कम आहेत.

टॉर्चचंच बघा. अँड्रॉइडवर 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं ॲप कोट्यवधी लोकांनी डाउनलोड केलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने उघड केलं की हे ॲप लोकांचं लोकेशन आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं, आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. उजेड पाडायला लोकेशन कशाला हवं, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये टॉर्चचं बटण आलं, तर पुढच्या वर्षी अँड्रॉइड ५.० मध्ये. लोकांचा त्यात निव्वळ फायदा झाला.

दुसरा मुद्दा मालकीचा. कॉपीराइट कोडला मिळतो, कल्पनेला नाही. फोनमध्ये टॉर्च असावा, कागद स्कॅन करता यावा, पासवर्ड लक्षात ठेवता यावेत, या कल्पना कोणा एकाच्या नाहीत. काल जी चैन होती ती आज मूलभूत सोय होते, आणि फोन कंपनीने ती सोय देऊच नये असं म्हणणं ग्राहकाच्या हिताचं नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण फीचर देण्यात नाही, ती दारात आहे. फोनच्या आतल्या काही गोष्टींपर्यंत पोहोचायला ऑपरेटिंग सिस्टीमची परवानगी लागते, उदाहरणार्थ स्क्रीनचे रंग, चालू कॉलचा आवाज किंवा ब्लूटूथ आणि लोकेशन सतत वापरणं. कंपनीच्या स्वतःच्या फीचरसाठी ही दारं उघडी असतात. बाहेरच्या ॲपसाठी ती अर्धवट उघडतात किंवा बंदच राहतात.

'एफ.लक्स' हे रात्री स्क्रीनचा निळसर प्रकाश कमी करणारं सॉफ्टवेअर २००९ पासून कॉम्प्युटरवर लोकप्रिय होतं. आयफोनवर मात्र बाहेरच्या ॲपला पूर्ण स्क्रीनचे रंग बदलायची परवानगीच नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी ॲप स्टोअरला वळसा घालून ते फोनमध्ये टाकण्याचा मार्ग लोकांना दिला. हे नियमात बसत नाही, असं ॲपलने कळवलं आणि तो मार्ग बंद झाला. मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ आलं आणि त्यात तेच काम करणारं 'नाइट शिफ्ट' होतं.

कॉल रेकॉर्डिंगची गोष्ट भारतात अनेकांनी स्वतः अनुभवली आहे. अँड्रॉइडवर बरीच ॲप्स 'ॲक्सेसिबिलिटी' ही परवानगी वापरून कॉल रेकॉर्ड करत. ही सोय मुळात अपंग व्यक्तींना फोन वापरणं सोपं जावं म्हणून दिलेली. ११ मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या ॲप्सना या कामासाठी ती वापरायला मनाई केली आणि ट्रूकॉलरलाही आपलं रेकॉर्डिंग काढून घ्यावं लागलं. गोपनीयतेचा विचार केला तर हा निर्णय समजण्यासारखा होता. पण फोनसोबत आधीच टाकलेल्या डायलर ॲप्सना हा नियम लागू नव्हता, त्यामुळे त्यांच्यातलं रेकॉर्डिंग सुरूच राहिलं. ट्रूकॉलर काही छोटी कंपनी नाही. तिने पुढे वेगळ्या मार्गाने, पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी ही सोय परत आणली. असा वळसा घेणं प्रत्येक छोट्या डेव्हलपरला परवडत नाही.

आयफोनवर तर अशा ॲप्सना कॉलमध्ये तिसरी लाइन जोडून रेकॉर्डिंग करावं लागायचं, कारण कॉलचा आवाज थेट मिळत नव्हता. ॲपलचं स्वतःचं रेकॉर्डिंग आलं ते मात्र थेट फोन ॲपमधल्या एका बटणावर.

बाजाराच्या मालकाने स्वतःचं दुकान टाकण्यात गैर काही नाही. पण तोच मालक इतरांकडून गाळ्याचं भाडं घेतो, कोणाकडे किती गिऱ्हाईक येतं हे त्याला दिसतं, बाजाराचे नियमही तोच ठरवतो आणि मग अगदी फाटकाजवळ दुकान थाटून माल फुकट वाटतो. ॲप स्टोअर्समध्ये डिजिटल विक्रीवर साधारण १५ ते ३० टक्के कमिशन जातं. कोणतं ॲप किती डाउनलोड होतं, किती कमावतं, हे स्टोअर चालवणाऱ्याला दिसतं. आणि ॲपलच्या नियमावलीत एक कलम असंही आहे की ॲपलच्या उत्पादनाशी गोंधळ होईल इतकं साम्य असलेलं ॲप कोणी बनवू नये. ॲपलने इतरांसारखं काही बनवू नये, असं कलम मात्र नाही.

शेरलॉक झालेलं प्रत्येक ॲप संपतं का?

नाही. काही संपतात, काही विकली जातात, काही तगतात.

हरवलेल्या किल्ल्या शोधून देणारी 'टाइल' ही कंपनी एअरटॅगच्या कितीतरी वर्षं आधीपासून बाजारात होती. एअरटॅग २० एप्रिल २०२१ रोजी जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी टाइलच्या प्रतिनिधी अमेरिकी सिनेटसमोर ॲपलच्या वागणुकीची तक्रार मांडत होत्या. त्याच वर्षअखेरीस टाइल विकत घेण्याचा करार 'लाइफ३६०' या कंपनीने जाहीर केला.

'डार्क स्काय' हे हवामानाचं ॲप ॲपलने मार्च २०२० मध्ये विकतच घेतलं. आधी त्याची अँड्रॉइड आवृत्ती बंद झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून आयफोनवरही ते थांबलं. बनवणाऱ्यांना मोबदला मिळाला, पण अँड्रॉइडवर ते वापरणाऱ्यांच्या हातून ॲप गेलं.

तगणाऱ्यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते एकाच कंपनीच्या फोनवर अवलंबून राहत नाहीत. आयपॅडला मॅकची दुसरी स्क्रीन बनवणाऱ्या 'लुना डिस्प्ले'वर २०१९ मध्ये ॲपलच्या 'साइडकार'ने घाला घातला. कंपनीने मग विंडोजसाठी आवृत्ती बनवली. 'वनपासवर्ड'सारखी ॲप्सही आयफोन, अँड्रॉइड आणि विंडोज या तिन्हींवर सारखीच चालतात. ॲपलच्या पासवर्ड ॲपला अँड्रॉइडवर जागा नाही.

अभ्यासकांचे निष्कर्षही एकाच दिशेने जात नाहीत. २०१५ मध्ये गुगल फोटोज आल्यावर फोटोच्या इतर ॲप्सचं काय झालं, यावरच्या २०१८ च्या एका अभ्यासात उलटच चित्र दिसलं. त्या प्रकाराकडे लोकांचं लक्ष वाढलं आणि इतर डेव्हलपरही जोमाने अपडेट्स देऊ लागले. पण २०१९ मध्ये वेन आणि झू यांनी अँड्रॉइडच्या बाजाराचा केलेला अभ्यास सांगतो की गुगल आपल्या क्षेत्रात उतरणार अशी नुसती चाहूल लागली तरी डेव्हलपर त्या ॲपवरची मेहनत कमी करतात, त्याची किंमत वाढवतात आणि आपला वेळ दुसऱ्या ॲप्सकडे वळवतात.

यात तुमचा फायदा-तोटा काय?

फायदा रोज दिसतो. तोटा लगेच दिसत नाही.

पहिला तोटा अडकून पडण्याचा. फोनमधलं फीचर फुकट असतं, पण ते बहुतेकदा त्याच कंपनीच्या उपकरणांपुरतं चालतं. पासवर्ड, नोट्स, फोटो, किल्ल्यांचे टॅग असं एकेक करून सगळं तिथेच साठत गेलं की पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घेणं कठीण होत जातं.

दुसरा तोटा न बनलेल्या ॲप्सचा. स्क्रीनचा रंग रात्री बदलावा, हे आधी बाहेरच्या माणसांना सुचलं. इंटरनेटवरची माहिती एका खिडकीत आणावी, हे वॉटसनने करून दाखवलं. पैसे आणि वेळ घालून नवा प्रयोग यशस्वी केला की कंपनी तो फुकट वाटणार, ही भीती असेल तर प्रयोग करणारे कमी होतात. जे ॲप बनलंच नाही, ते आपल्याला कधी मिळालं नाही हेही कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

युरोपच्या 'डिजिटल मार्केट्स ॲक्ट'ची बंधनं मोठ्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून लागू झाली. स्टोअरमधून मिळालेली इतर व्यावसायिकांची खासगी माहिती त्यांच्याशीच स्पर्धा करायला वापरू नका, आणि फोनमधली जी दारं तुमच्या सेवांना उघडी आहेत ती इतरांनाही उघडा, असा त्याचा रोख आहे. याची दुसरी बाजूही आहे. या नियमांमुळे सुरक्षितता धोक्यात येते असं म्हणत ॲपलने आयफोनची स्क्रीन मॅकवर दाखवणारं फीचर युरोपात देणं लांबणीवर टाकलं. म्हणजे सर्वांना सारखं दार या नियमाची किंमतही ग्राहकाला मोजावी लागू शकते.

अमेरिकेत न्याय विभागाने आणि अनेक राज्यांनी मार्च २०२४ मध्ये ॲपलवर खटला भरला. इतर कंपन्यांची स्मार्टवॉचेस आणि डिजिटल पाकिटं आयफोनवर मुद्दाम लंगडी ठेवली जातात, हा त्यातला एक आरोप आहे. ॲपलला तो मान्य नाही.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला दोन दंड ठोठावले. अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपये आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटी रुपये. पहिला दंड अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये कायम ठेवला, दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. पण असे निकाल येईपर्यंत वर्षं जातात, आणि छोट्या डेव्हलपरकडे तेवढा वेळ नसतो. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये 'डिजिटल स्पर्धा विधेयका'चा मसुदा पुढे आला. स्वतःच्या सेवांना झुकतं माप देणं मोठ्या कंपन्यांना आधीच बंद करावं, ही त्यामागची कल्पना. उद्योगांकडून आक्षेप आले आणि मसुदा रेंगाळला.

पुढच्या वेळी काय बघायचं?

नवं फीचर जाहीर झालं की तीन गोष्टी तपासता येतात. ते फीचर ज्या परवानगीवर चालतं, ती बाहेरच्या ॲपलाही मिळते का? ते आधीपासून चालू असेल, तर बंद करून दुसरं ॲप डिफॉल्ट ठेवता येतं का? आणि त्यात साठवलेली माहिती उद्या दुसऱ्या फोनवर नेता येते का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील, तर कंपनीने चांगलं फीचर दिलं एवढाच त्याचा अर्थ, आणि बाहेरच्या डेव्हलपरने त्याहून चांगलं काही बनवून दाखवावं. उत्तरं 'नाही' असतील, तर ते फीचर फुकट वाटलं तरी त्याची किंमत वसूल होते. आधी डेव्हलपरकडून आणि नंतर तुमच्याकडून.