लघुलहरी ऐकणारे कान

रात्री नऊनंतर मी घराच्या गच्चीवर जातो. सोबत हातात मावेल एवढा रेडिओ, आठ-दहा मीटर तांब्याची तार आणि एक नोंदवही. तार पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ताणायची, रेडिओला जोडायची आणि ३१ मीटरच्या पट्ट्यात हळूहळू पुढे सरकत राहायचे, हा चाळीसहून अधिक वर्षांचा परिपाठ. पूर्वी हे काम खोलीत बसून होत असे. आता एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या अखंड खरखरीत दूरचे केंद्र बुडून जाते, म्हणून गच्ची. नातीने परवा विचारले, ‘‘आजोबा, हे सगळं मोबाइलवर येतं ना? मग वर कशाला जाता?’’ प्रश्न रास्त होता. त्या क्षणी मला नीट उत्तर सुचले नाही. ते उत्तर केवळ माझ्या छंदापुरते नाही, हे मात्र विचार करताना ध्यानात आले.

आधी या छंदाविषयी थोडेसे. लघुलहरी म्हणजे ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झ या टप्प्यातील रेडिओ लहरी. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि साठ-सत्तर किलोमीटरनंतर विरतात. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरांतून वळून पुन्हा पृथ्वीवर येतात आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर प्रवास करतात. दिवसा वरच्या वारंवारिता चालतात, रात्री खालच्या. ऋतू बदलला की गणित बदलते आणि सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राबरोबर तर सारेच बदलते. श्रोता केंद्र शोधतो, ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील, वेळ, वारंवारिता आणि आवाजाची स्पष्टता लिहून त्या केंद्राला पत्र धाडतो. तपशील जुळला तर केंद्राकडून पोचपावतीचे सचित्र कार्ड येते. ‘क्यूएसएल’ म्हणून ओळखली जाणारी ही कार्डे हे आमचे धन. पोस्टमन मॉस्को, बीजिंग, हिल्व्हरसम किंवा कोलोनचा शिक्का असलेले पाकीट देताना क्षणभर थांबत असे, हा आमच्या पिढीतील अनेकांचा अनुभव.

रेडिओ ऐकणे ही एकेकाळी सरकारी परवान्याची बाब होती, हे आज कोणाला सांगून खरे वाटत नाही. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी संदेश अधिनियम यांच्या आधारे घरातील संचासाठी टपाल कार्यालयात शुल्क भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके ही पद्धत चालू होती. राज्यसंस्थेला बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही नोंद हवी होती. त्यामागचे कारण इतिहासात सापडते.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडल्यानंतर चारच दिवसांनी, सुभाषचंद्र बोस यांचा आवाज बर्लिनहून प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नावाने भारतात ऐकू आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नेते तुरुंगात असताना, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ४२.३४ मीटरवरील हे केंद्र जागा बदलत बदलत नोव्हेंबरमधील अटकेपर्यंत बोलत राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील एक गोष्ट विशेष वाटावी. या केंद्रावरून काय बोलले गेले, हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः पोलिसांनी ऐकून उतरवून ठेवलेल्या नोंदींमुळे. त्या आवाजाचा सर्वांत काळजीपूर्वक श्रोता त्याचा शत्रू होता. परकीय सरकारला ऐकण्याचे मोल नेमके समजले होते. आकाशवाणीची परदेश सेवाही अशाच गरजेतून जन्माला आली. १ ऑक्टोबर १९३९ रोजी, महायुद्ध सुरू होताच, जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून पश्तू भाषेत तिचे पहिले प्रसारण झाले.

स्वतंत्र भारताच्या सरकारला हा धडा वेगळ्या प्रकारे मिळाला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. हेतू अभिजात संगीताच्या जोपासनेचा होता आणि त्यातून काही चांगलेही घडले. श्रोत्याने मात्र वाद न घालता काटा फिरवला. युद्धकाळात लष्करासाठी उभारलेल्या केंद्रातून वाढलेले रेडिओ सिलोन लघुलहरींवरून भारतभर स्पष्ट ऐकू येई आणि अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाला’साठी बुधवारची रात्र राखून ठेवली जाई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. कोणतेही आंदोलन न करता, केवळ दुसरीकडे ऐकून, श्रोत्यांनी सरकारला धोरण बदलायला लावले होते.

हे सारे माझ्यासाठी पुस्तकी राहिले नाही, याला एक दिवस कारण आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. मी तेव्हा इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात होतो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात एका रेडिओभोवती आम्ही पंधरा-वीस मुले उभी होतो. पंतप्रधानांवर गोळीबार झाल्याचे कळले होते. बीबीसीने त्यांच्या निधनाचे वृत्त दुपारीच दिले, आकाशवाणीने अधिकृत घोषणा केली ती सायंकाळी. पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही त्या दिवशी बातमीसाठी बीबीसीच लावली होती. मधले ते काही तास देश दोन प्रकारच्या नागरिकांत विभागला गेला होता: ज्यांना माहीत होते ते आणि ज्यांना माहीत नव्हते ते. घोषणा लांबवण्यामागे प्रशासकीय कारणे असतील. पुढे स्वतः प्रशासनात गेल्यावर ती मला समजूही शकली. पण त्या पोकळीत अफवा किती वेगाने वाढल्या, हेही मी पाहिले आहे.

गेल्या दोन दशकांत ही लहर ओसरत गेली. व्हॉइस ऑफ अमेरिकाचे हिंदी रेडिओ प्रसारण २००८ मध्ये थांबले. २०१२ मध्ये रेडिओ नेदरलँड्सने आणि २०१७ च्या जानेवारीअखेर रेडिओ ऑस्ट्रेलियाने लघुलहरी सोडल्या. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. मे १९४० मध्ये सुरू झालेल्या या सेवेला तेव्हा ऐंशी वर्षे पुरी व्हायला जेमतेम तीन महिने उरले होते. आकाशवाणीनेही आपली अनेक लघुलहरी प्रक्षेपके टप्प्याटप्प्याने बंद केली. सर्वत्र कारण एकच दिले गेले: श्रोते इंटरनेटवर गेले आहेत.

या घटनाक्रमातील एक विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. बीबीसी हिंदीचे प्रसारण संपण्याच्या सहाच महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, जम्मू-काश्मीरमध्ये दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट बंद करण्यात आले. तेव्हा बीबीसीने लघुलहरींवरील हिंदी प्रसारणाचा वेळ अर्ध्या तासाने वाढवला आणि उर्दूत पंधरा मिनिटांचे नवे बातमीपत्र सुरू केले. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर त्या प्रदेशासाठी रोज चार तासांचे लघुलहरी प्रसारण पुन्हा सुरू करावे लागले. २०२३ मध्ये बीबीसीची अरबी रेडिओ सेवा जानेवारीत बंद झाली आणि मे महिन्यात सुदानसाठी तातडीचे अरबी प्रसारण लघुलहरींवरूनच सुरू झाले. शांततेत कालबाह्य ठरवलेले साधन संकट येताच माळ्यावरून उतरवावे लागते, असा हा अनुभव. माळ्यावर काहीच उरले नसेल तर काय उतरवणार? रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही वारंवारितांवर चीनचे प्रसारण ऐकू येऊ लागले, तेव्हा त्या देशात या निर्णयाबद्दल गंभीर चर्चा झाली. माझ्या नोंदवहीतही अलीकडे सर्वाधिक पाने चीनच्याच केंद्रांनी व्यापली आहेत.

विरुद्ध बाजूही नीट मांडली पाहिजे. लघुलहरींचे प्रक्षेपण महाग असते. आकाशवाणीची बंगळुरूजवळील प्रक्षेपके ५०० किलोवॅटची आहेत. त्यांचे वीजबिल कोणत्याही लेखापरीक्षकाच्या भुवया उंचावेल. श्रोते किती, हे मोजण्याचे खात्रीचे साधन नाही. आवाज कमीअधिक होतो, संगीत नीट ऐकू येत नाही, तरुणांकडे रेडिओच नाही. विरोधी सरकारे त्याच वारंवारितेवर गोंगाट सोडून प्रसारण बुडवू शकतात. शीतयुद्धात सोव्हिएत संघाने ते वर्षानुवर्षे केले. शिवाय या लहरींवरून सत्य जेवढे आले, तेवढाच प्रचारही आला. यातले काहीही मी नाकारत नाही. वित्त विभागाच्या फायलीवर मी स्वतः असेच शेरे लिहिले असते.

पण याच कारकीर्दीतील दुसरी एक फाइल मला विसरता येत नाही. सेवेच्या अखेरच्या वर्षांत काही काळ माझा संबंध गृह विभागाशी आला. तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या नियमांनुसार राज्यात इंटरनेट स्थगित करण्याचा आदेश गृह सचिव देत. त्या आदेशांचे मसुदे खालून वर जात. त्यांपैकी काहींवर माझी स्वाक्षरी आहे. एका जिल्ह्यात तणाव होता, अफवा पसरत होत्या, निर्णय घ्यायला अर्धा तास होता. मसुदा एका पानाचा होता. आज कोणी विचारले तर मी सांगेन, की त्या रात्रीपुरता तो निर्णय कदाचित बरोबर होता. परंतु पुढचे अनेक दिवस तो आदेश केवळ कोणी मागे घेतला नाही म्हणून चालू राहिला, ते बरोबर नव्हते. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत, ते प्रमाणशीर असावेत आणि अनिश्चित काळासाठी नसावेत, असे स्पष्ट केले. तरीही मे २०२३ पासून मणिपूरमधील लोकांनी कित्येक महिने इंटरनेटविना काढले.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. मोबाइलवर सगळे येते, हे खरे. पण ते कोणाच्या तरी मार्गे येते. मी काय ऐकतो, किती वेळ ऐकतो, कुठे थांबतो, याची नोंद वाटेत होत असते आणि एका पानाच्या आदेशाने तो मार्ग बंदही होतो. गच्चीवरचा रेडिओ कोणालाही काही कळवत नाही. ज्या परवान्याचे आपल्याला आज हसू येते, त्याहून कितीतरी सूक्ष्म नोंदवही आता आपल्या खिशातच असते, आणि तिच्यावर शिक्का मारायला टपाल कार्यालयातही जावे लागत नाही.

आपत्तीचा विचार वेगळा करायला हवा. मे २०१९ मधील फनी चक्रीवादळात पुरी-भुवनेश्वर परिसरातील वीज आणि मोबाइल यंत्रणा कोलमडली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून पहिले निरोप बाहेर पाठवण्यात हौशी रेडिओ चालकांचा मोठा वाटा होता. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचे पथक तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. पुढच्या संकटात आपण योगायोगावर विसंबणार आहोत का? भरीस भर, खासगी एफएम केंद्रांना आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकवणे एवढेच त्यांना शक्य आहे. इंटरनेट गेले की पर्याय किती उरतात, हे यावरून मोजता येईल.

म्हणून तीन सूचना. पहिली, देशातील शिल्लक लघुलहरी प्रक्षेपकांपैकी काही राष्ट्रीय राखीव साधन म्हणून जपावीत. ती चोवीस तास चालवण्याची गरज नाही. शेजारी देशांसाठी आणि सीमाभागासाठी ठरावीक तासांचे दर्जेदार प्रसारण आणि आपत्तीच्या वेळी तत्काळ सुरू करता येईल अशी तयारी पुरेशी आहे. अग्निशमन दलाच्या गाडीचे मूल्यमापन आपण तिने वर्षभरात कापलेल्या अंतरावरून करत नाही. दुसरी, स्वस्त दिवे आणि चार्जर यांतून होणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटावर मानके कठोरपणे लागू करावीत. हा गोंगाट हवेतील सामाईक मालमत्तेची नासाडी आहे आणि तिचा फटका हौशी श्रोत्याबरोबरच आपत्तीतील बिनतारी संपर्कालाही बसतो.

तिसरी सूचना इतिहासाच्या विद्यार्थ्याची आहे. देशभरातील जुन्या श्रोत्यांच्या कपाटांत नोंदवह्या, कार्डे आणि ध्वनिफिती पडून आहेत. ज्या केंद्रांचे अस्तित्वच संपले, त्यांनी अमुक रात्री काय सांगितले याचा कधी कधी तेवढाच पुरावा उरला आहे. काँग्रेस रेडिओची नोंद पोलिसांनी ठेवली. नंतरच्या काळाची नोंद या निनावी श्रोत्यांनी ठेवली. श्रोता गेला की घरचे ती रद्दीत देतात. राष्ट्रीय अभिलेखागाराने आणि विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी हा संग्रह मागून घ्यायला हवा, आणि तो लवकर मागायला हवा. माझ्या ओळखीच्या श्रोत्यांपैकी बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले आहेत.

छंद मात्र पूर्णपणे म्हातारा झालेला नाही. काही तरुण संगणकाला जोडलेल्या छोट्या ग्राहक यंत्रावर साऱ्या पट्ट्याचे चित्र डोळ्यांनी पाहतात, नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून घरबसल्या फिरवतात. इंटरनेटने या छंदाला नवे हातपाय दिले, हे मान्यच आहे. फक्त त्या हातपायांवर उभे राहून आपली तांब्याची तार गुंडाळून ठेवू नये, इतकेच.

काल रात्री नात माझ्याबरोबर वर आली. ९ मेगाहर्ट्झच्या आसपास कुठलीशी अनोळखी भाषा वाढत-विरत ऐकू येत होती. ‘‘हे कोण बोलतंय?’’ तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. मी तिच्या हाती पेन्सिल दिली आणि वेळ लिहायला सांगितली.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)