येझदीचं इंजिन सुरू होईल, पण आरसीचं काय? जुनी बाईक कमी पैशात उभी करण्याचा खरा हिशोब

इन्स्टाग्रामवर एक रील सारखी फिरत असते. गाड्या बदलतात, रील तीच. पहिल्या सेकंदाला गोठ्यात पडलेली, गंजून लाल झालेली येझदी. मग पाना, पॉलिश पेपर, स्प्रे गन. साठाव्या सेकंदाला तीच गाडी चकाचक, दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर, आणि खाली कमेंट्सचा पाऊस: "भावा, एकूण खर्च किती आला?"

उत्तरात रंगाचे पैसे येतात, क्रोमचे येतात, बोअर-पिस्टनचे येतात. आरसीची मुदत कधी संपली होती आणि ती पुन्हा जिवंत करायला काय लागलं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. हातात मोजके पैसे असलेल्याचं गणित बहुतेक वेळा इथेच फिसकटतं. गाडी तयार होते, अंगणात सुरू होते, आणि गेटच्या बाहेर जाऊ शकत नाही.

मुळात इतक्या येझदी पडून का आहेत?

कारण त्या खूप चालल्या आणि मग अचानक थांबल्या. म्हैसूरमध्ये 1961 साली आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर 250 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या बनवायला सुरुवात केली. 1970च्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या यायला लागल्या. 1978 मध्ये रोडकिंग आली. ज्या दांड्याने किक मारायची तोच पुढे ढकलून गिअर टाकायचा, ही या गाडीची खोड आजही नवख्याला गोंधळात पाडते. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. योगायोग असा की यामाहाची आरएक्स 100 सुद्धा 1985 ते 1996 एवढीच बनली.

म्हणजे आज गॅरेजमागे, पडवीत किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात सापडणारी यातली कोणतीही गाडी किमान 30 वर्षं जुनी आहे. वडिलांनी किंवा काकांनी पहिल्या पगारात घेतलेली असते, त्यामुळे भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी हे ब्रँड नव्या रूपात परत आले, तेव्हापासून जुन्या गाड्यांची ओढ आणखी वाढली. किमतीही.

पहिला पाना लावण्याआधी

मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. "15 वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात" हा व्हॉट्सअॅपवरचा समज आहे. दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या आदेशामुळे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि 2025 मध्ये त्यावरून पुन्हा बराच गदारोळ झाला, त्या बातम्यांमुळे हा समज घट्ट झाला. महाराष्ट्रात फक्त वयावरून अशी सरसकट बंदी नाही. गाडी तपासणीत पास झाली की ती 40 वर्षांची असली तरी चालते.

अडचण वयाची नाही, मधल्या खंडाची आहे. नूतनीकरण वेळेत केलं नाही तर मोटारसायकलला दर महिन्यामागे 300 रुपये जादा शुल्क लागतं. आकडा छोटा वाटतो. पण पाच वर्षं गाडी तशीच पडून राहिली तर 60 महिन्यांचे 18,000 रुपये होतात. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढवलं. मोटारसायकलसाठी ते 1,000 वरून थेट 2,000 रुपये झालं. महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे. 2010 मध्ये तो लागू झाला तेव्हा दुचाकीसाठी पाच वर्षांचे 2,000 रुपये ठरले होते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट 450 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 531. आणि 250 सीसी गाडीचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने वर्षाला 1,366 रुपये.

ही बेरीज केली तर पाच वर्षं मुदत उलटलेल्या गाडीचे 23,897 रुपये होतात. त्यात विम्यावरचा जीएसटी आणि स्मार्टकार्डसारखे किरकोळ खर्च धरलेले नाहीत. तीच गाडी, तेवढीच गंजलेली, पण आरसी वेळेत वाढवलेली असेल तर आकडा 5,897. फरक 18,000 चा आहे आणि त्या पैशात एक बोल्टसुद्धा बदलून मिळत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरताना दिसतो. म्हणून इंजिन उतरवण्याच्या आधी एक संध्याकाळ त्या पोर्टलसमोर घालवलेली बरी.

तिथे गाडीचा नंबर टाकला आणि "रेकॉर्ड सापडत नाही" असं आलं, तरी लगेच घाबरायचं कारण नाही. 1989 च्या आधीच्या गाड्यांना एमएच नव्हतं, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. त्या नोंदी आरटीओच्या जाडजूड रजिस्टरात हाताने लिहिलेल्या आहेत आणि त्यातल्या सगळ्या कंप्युटरवर चढलेल्या नाहीत. मूळ आरसी पुस्तक हातात असेल तर अर्ज करून नोंद चढवून घेता येते, त्याला आरटीओत बॅकलॉग एंट्री म्हणतात. हे झाल्याशिवाय ऑनलाइन पुढे काहीच सरकत नाही. नंबर प्लेटची ऑर्डर नाही, पीयूसीही नाही.

नाव कुणाचं आहे?

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 असतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. कटकट आहे, पण मार्ग आहे.

खरी पंचाईत तीन हात फिरलेल्या गाडीची. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30, तारीख न टाकता, गाडीबरोबर पुढच्या हातात दिले गेले. कागदावर मालक 1988 चाच राहिला. आज तो माणूस शोधायचा कुठे? अशी गाडी "फक्त ट्रान्सफर बाकी आहे" असं सांगून स्वस्तात विकली जाते. ती स्वस्त असण्याचं कारण तेच असतं.

त्याहून वाईट म्हणजे "कागदं करून देतो" म्हणणारा. भंगारात गेलेल्या एका गाडीची आरसी घ्यायची आणि दुसऱ्याच गाडीच्या चेसीवर तो नंबर ठोकायचा, असे प्रकार होतात. हा सरळ गुन्हा आहे आणि सापडल्यावर अडकतो तो ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो. त्यामुळे विकत घेताना चेसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही, रंग किंवा ग्रीस खरवडून, आरसीशी ताडून बघायला हवेत. जुन्या गाड्यांची इंजिनं सर्रास बदलली गेली आहेत आणि आरसीवर त्याची नोंद नसते. तपासणीच्या दिवशी ते उघडं पडतं.

मग विंटेजची सवलत?

2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. 1960च्या दशकातल्या जावा या वयात बसतात. 1978 ची रोडकिंग 2028 मध्ये बसायला लागेल. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, मिरवायला छान.

पण नव्या विंटेज नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती दहा वर्षं टिकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. ही सोय बंगल्याच्या गॅरेजमध्ये चार गाड्या ठेवणाऱ्यांसाठी झाली. रविवारी सकाळी वडिलांच्या जावावरून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन भजी खाणाऱ्यासाठी नियमात वेगळी जागाच नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय: वयाबरोबर महाग होत जाणारं साधं नूतनीकरण, किंवा 20,000 भरून गाडी शोभेची करणं. साधी नोंदणी जिवंत असेल तर कमी बजेटवाल्याने तीच जपावी.

जुन्या गाड्यांवर शुल्क वाढवण्यामागे सरकारचं म्हणणं प्रदूषणाचं आहे, आणि टू-स्ट्रोकच्या धुराबद्दल ते चूक नाही. न जळालेलं पेट्रोल आणि ऑइल बाहेर फेकणं हा या इंजिनाचा स्वभावच आहे. पण महिन्याला 300 रुपयांचं जादा शुल्क धुरावर लागत नाही, ते बंद पडलेल्या गाडीवरही लागतं. जी गाडी दहा वर्षं सुरूच झाली नाही तिने धूर तरी किती केला असेल?

आता गॅरेजकडे

कागद जुळत असतील तर पुढचं काम तुलनेने सोपं आहे, कारण या गाड्या सोप्या आहेत. वर्षानुवर्षं पडलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी जोरात किक मारणं ही सगळ्यात महाग चूक. रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, एक-दोन दिवस थांबायचं आणि मग किक हाताने हळू दाबून बघायची. पिस्टन हलला तर अर्धी लढाई जिंकली. नाही हलला तर हेड आणि सिलिंडर उतरवून लेथवाल्याकडे बोअर करून घ्यायचं, एक साइज मोठा पिस्टन टाकायचा.

क्रँकची ऑइल सील मात्र हमखास बदलावी. पडून राहिल्यावर रबर कडक होतं. मग गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकत राहते. अनेक जण त्या धुराला कार्बोरेटरचा दोष समजून महिनाभर जेट बदलत बसतात.

त्यानंतर पैसा ब्रेक लायनर, टायर-ट्यूब, केबल आणि वायरिंगवर. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. रीलमध्ये क्रम उलटा दिसतो, कारण चमक कॅमेऱ्यात येते आणि ब्रेक लायनर येत नाही. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही नेहमीची ठिकाणं. तिथे मिळणारा मूळ कंपनीचा जुना पार्ट नव्या नकली पार्टपेक्षा बऱ्याचदा जास्त टिकतो. सगळं एकदम खोलू नका. प्रत्येक जोड सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आणि अशा कामात दर आठवड्याला थोडं थोडं केलेलं पूर्ण होतं. पैसे संपल्यावर पोत्यात भरून ठेवलेली इंजिनं गावोगावी आहेत.

नव्या पेट्रोलचं काय करायचं?

या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीत गंज धरतो. जुन्या रबराच्या पेट्रोल पाइप, कॉकचं वॉशर आणि कार्बोरेटरचे गॅस्केट फुगतात किंवा मऊ पडतात. जुन्या गाड्यांमध्ये काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःच मान्य केलं. हे भाग स्वस्त आहेत, तेव्हा ते आताच बदलून घेणं शहाणपणाचं. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

पीयूसीची धास्ती मात्र जरुरीपेक्षा जास्त आहे. एप्रिल 2000 च्या आधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे, नव्या गाड्यांपेक्षा बरीच सैल. सील नीट असलेली, ऑइलचं प्रमाण बरोबर ठेवलेली येझदी त्यात बसते.

राहता राहिला मोह कॅफे रेसरचा. मागचं मडगार्ड कापायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट छोटी करायची. फोटो भारी येतो. पण जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाला असे बदल करता येत नाहीत. आरटीओत तपासणीला गेलेली कापलेली येझदी तिथूनच परत येऊ शकते, आणि कापलेलं मडगार्ड शोधायला पुन्हा जुन्या बाजारात जावं लागतं. रविवारी किंवा बुधवारी, सकाळी लवकर.